बर्फावरच्या तंबूसाठी प्रोपेनचा हीटर कसा निवडावा

हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गोठलेल्या सरोवरावर तंबू ठोकून मी मासे धरायला जातो, हे पुण्यातल्या माझ्या मावशीला कळले तेव्हा तिने पहिल्याच दमात विचारले, "अरे, बर्फावर शेगडी पेटवून बसता, मग बर्फ वितळून सगळे खाली नाही का जाणार?" शंका रास्त आहे, म्हणून तिचा हिशेब आधी उरकून टाकतो. सहा फूट लांब आणि सहा फूट रुंद तंबूखालचे बर्फ सुमारे साडेतीन चौरस मीटर भरते. मंद आचेवर ठेवलेल्या लहान हीटरची सगळीच्या सगळी उष्णता केवळ ते बर्फ वितळवण्यात खर्ची पडली, असे क्षणभर धरले, तरी तासाला अर्धा सेंटिमीटरसुद्धा बर्फ वितळणार नाही. प्रत्यक्षात उष्णतेचा मोठा भाग कापडातून बाहेर जातो आणि गरम हवा छताशी गोळा होते, त्यामुळे खाली जेमतेम थोडा ओलावा येतो. पायी चालण्यासाठी स्वच्छ, नवे बर्फ किमान चार इंच जाड हवे असे राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते सांगते, आणि जानेवारीत मिल लॅक्ससारख्या सरोवरावर ते त्याहून पुष्कळ जाड असते.

बर्फाची काळजी अशी मिटली की उरते ती तंबूतल्या हवेची. हीटर विकत घेणारे बहुतेक जण खोक्यावरचा उष्णतेचा आकडा वाचतात आणि जितका मोठा तितका बरा, असे समजून पैसे मोजतात. मीही पहिल्या वर्षी तेच केले होते. पुढच्या तीन-चार हिवाळ्यांनंतर माझे मत असे झाले आहे की ऊब देण्याचे काम बाजारातला जवळपास प्रत्येक हीटर पार पाडतो. निवड करायची ती तो हवा किती खातो, किती मंद चालू शकतो आणि कडाक्याच्या थंडीत त्याला गॅस नीट मिळतो की नाही, हे पाहून.

आधी आकड्याचा उलगडा करू. अमेरिकेत हीटरची ताकद ताशी बीटीयूमध्ये मोजतात. आपल्याकडे हे एकक लोकांना नकळत माहीत असते, कारण एसीचा एक 'टन' म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. विजेच्या भाषेत ताशी ३,४१२ बीटीयू म्हणजे एक किलोवॉट. येथे सर्वांत जास्त दिसणाऱ्या 'मिस्टर हीटर' कंपनीच्या 'बडी' मालिकेतला सर्वांत छोटा हीटर ३,८०० बीटीयूचा, मधला ४,००० आणि ९,००० अशा दोन टप्प्यांचा, तर मोठा १८,००० पर्यंत जाणारा आहे. म्हणजे मोठा हीटर पूर्ण क्षमतेने चालवला तर दीड टनाचा एसी जितकी उष्णता खोलीबाहेर काढतो, तितकी उष्णता एका तंबूत ओतली जाते.

इतकी उष्णता लागते का, हे तंबूच्या कापडावर ठरते. सहा बाय सहा फुटांचा, साधारण साडेसहा फूट उंचीचा तंबू घेतला तर भिंती आणि छत मिळून अठरा चौरस मीटर कापड होते. बाहेर उणे २० अंश सेल्सिअस आणि आत १० अंश हवे असतील, तर फरक तीस अंशांचा. एकेरी कापडाच्या तंबूतून अशा वेळी ठोकळमानाने सव्वातीन किलोवॉट, म्हणजे ११,००० बीटीयू उष्णता निसटते. मध्ये अस्तर भरलेल्या दुहेरी कापडाच्या तंबूत हाच आकडा निम्म्यावर, साडेपाच हजारांच्या आसपास येतो. हा माझा ढोबळ हिशेब आहे आणि वारा सुटला की तो बिघडतो, पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते: तुमच्याकडे एकेरी कापडाचा तंबू असेल आणि तुम्ही मोठा हीटर घ्यायला निघाला असाल, तर तेच पैसे अस्तराच्या तंबूत घालणे शहाणपणाचे ठरेल. अस्तर गॅस पीत नाही आणि प्राणवायूही खात नाही. दोन माणसांच्या अस्तराच्या तंबूला ४,००० ते ९,००० बीटीयूचा हीटर पुरून उरतो. पेटवताना दहा मिनिटे मोठा आणि मग दिवसभर मंद, असा त्याचा वापर होतो. म्हणून मंद टप्पा किती मंद आहे, हे मोठ्या टप्प्यापेक्षा आधी वाचावे.

आता हवेकडे येतो, आणि येथे थोडे सावकाश जायला हवे. एक किलो प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. ९,००० बीटीयूवर चाललेला हीटर ताशी १९० ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे ताशी सव्वादोन घनमीटरहून थोड्या जास्त हवेतला प्राणवायू संपवतो. आपल्या सहा बाय सहाच्या तंबूत मुळात हवा असते पावणेसात घनमीटरच्या आत. तंबू हवाबंद असता, तर प्राणवायूचे प्रमाण नेहमीच्या २०.९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला जेमतेम पंचवीस मिनिटे लागली असती, आणि आत बसलेल्या माणसांचा श्वास मी यात धरलेला नाही. तंबू हवाबंद नसतो हे खरे. पण वाऱ्याची झुळूक आत येऊ नये म्हणून खालच्या कडेवर चारी बाजूंनी बर्फाचा भुगा लोटायची येथे पद्धत आहे, आणि ती चोख पाळणारा माणूस नकळत तंबू हवाबंद करत असतो.

प्राणवायू कमी पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. स्वयंपाकघरात हे आपण सर्वांनी पाहिले आहे: बर्नरची भोके बुजली की निळी ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचे बूड काळे पडते. ते काजळ म्हणजे न जळलेला कार्बन, आणि त्याच्या जोडीला अर्धवट जळालेला वायूही असतो, जो दिसत नाही आणि ज्याला वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे. आणि पहाटे चारला उठून थंडीत चार तास बसलेल्या माणसाला ही लक्षणे थकव्याची वाटतात, हीच यातली खरी अडचण आहे. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. तंबूतली गोष्ट रसायनशास्त्राच्या दृष्टीने तीच आहे. न्हाणीघराच्या जागी कापड आणि गीझरच्या जागी हीटर.

यावर उपाय म्हणून घरातल्या वापरासाठी मान्यता असलेल्या छोट्या हीटरांत प्राणवायू कमी होताच गॅस बंद करणारी योजना बसवलेली असते. तिची रचना साधी पण हुशारीची आहे. मुख्य बर्नरशेजारी एक बारीक पायलट ज्योत जळत असते आणि तिच्या टोकाशी थर्मोकपल नावाची दोन धातूंची काडी असते. ती तापलेली असेपर्यंत अत्यल्प वीज निर्माण करते आणि त्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास आला की पायलट ज्योत आपल्या जागेवरून उचलली जाते, काडीपासून दूर सरकते, काडी थंड होते आणि झडप बंद पडते. हीटर घेताना ही सोय आहे की नाही हे पाहणे ही माझी पहिली अट आहे. दुसरी, हीटर कलंडला तर आपोआप बंद होणे. या दोहोंपैकी एक नसेल तर तो हीटर कितीही स्वस्त मिळाला तरी तंबूसाठी घेऊ नये.

मात्र या योजनेला कार्बन मोनॉक्साइड समजत नाही, तिला फक्त कमी पडलेला प्राणवायू कळतो. बर्नरमध्ये कचरा अडकला असेल, तर हवेत प्राणवायू भरपूर असतानाही मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, आणि पायलट ज्योत शेजारी निवांत जळत राहते. म्हणून वेगळा मोनॉक्साइड अलार्म लागतोच. त्यातही एक खाचखळगा आहे. घरासाठीचे साधे अलार्म ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) इतके प्रमाण एक ते चार तास टिकल्यावर वाजतील अशा बेताने बनवलेले असतात, आणि त्यांतले बहुतेक सुमारे ४ अंश सेल्सिअसच्या वरच भरवशाने चालतात. तंबूसाठी आकडा दाखवणारा अलार्म घ्यावा, कारण तो वाजण्याआधीच ३० किंवा ४० हा आकडा वाचून तंबूच्या दाराची चेन उघडता येते. त्यात अल्कलाइन ऐवजी लिथियमचे सेल घालावेत, कारण अल्कलाइन सेल थंडीत मान टाकतात. तो बसल्यावर आपले नाक जेथे येते त्या उंचीला टांगावा.

माझा स्वतःचा अनुभव याच आकड्याचा आहे. एकदा वारा पडलेल्या दुपारी आम्ही तिघे आत होतो, तंबूच्या वरच्या झरोक्याची झडप बर्फाच्या भुरभुरीने आपोआप मिटली होती आणि कोणाच्या ते लक्षात नव्हते. डोके दुखते आहे असे एकाने म्हटले, दुसऱ्याने कॉफी कमी पडली असेल असे उत्तर दिले, आणि मी सहज अलार्मकडे पाहिले तर त्यावर ४८ हा आकडा होता. अलार्म गप्प होता, कारण त्याच्या नियमात ते बसत नव्हते. दार उघडून बाहेर उभे राहिलो, वीस मिनिटांत डोकी हलकी झाली. त्या दिवसापासून झडपेच्या फटीत लाकडाची एक चिप अडकवून ठेवतो.

झरोके दोन लागतात, एक खाली आणि एक वर, म्हणजे थंड हवा खालून येते आणि गरम, वापरलेली हवा वरून जाते. ९,००० बीटीयूच्या प्रचलित हीटरच्या पुस्तिकेत किमान ९ चौरस इंच, म्हणजे तीन इंच लांब आणि तीन इंच रुंद इतकी मोकळी जागा सांगितलेली असते. ते किमान आहे. मी दुप्पट ठेवतो आणि त्यापायी वाया जाणाऱ्या गॅसचे दुःख करत नाही. तासाला तीस घनमीटर हवा बदलली तरी त्याचा भुर्दंड वर काढलेल्या हिशेबात तीनशे-साडेतीनशे वॉटच पडतो. झोपताना हीटर बंदच ठेवावा. रात्रभर बर्फावर राहायचे असेल, तर ज्याचा धूर बाहेर जातो आणि जळण्यासाठीची हवाही बाहेरूनच येते, असा, बर्फावर ओढून न्यायच्या चाकांच्या घरात भिंतीला पक्का बसवलेला हीटर हा वेगळा विषय आहे. हातात धरून नेता येणारा हीटर त्या कामाचा नाही.

हवेइतकाच चकवा देणारा दुसरा विषय म्हणजे थंडीतला गॅस. भारतात घरोघरी येणाऱ्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेनचे मिश्रण असते. सामान्य ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्ध्या अंशाजवळ आहे, म्हणजे पाणी गोठते त्या तापमानाला त्याच्या वाफेला बाहेर पडण्यापुरता दाबही उरत नाही; प्रोपेनचा मात्र उणे ४२ अंश आहे. म्हणून बर्फावर प्रोपेनच चालते, आणि गिर्यारोहकांच्या चिमुकल्या शेगडीचा मिश्र गॅसचा डबा येथे घेऊन येणारा नवखा माणूस दुपारपर्यंत हात चोळत बसतो. मिनेसोटातल्या टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्या पहाटे बाहेर ठेवलेल्या सिलिंडरमधला प्रोपेनसुद्धा निव्वळ द्रव होऊन बसला असणार. असे दिवस विरळा, पण उणे तीसच्या सकाळी सिलिंडरमधला दाब इतका उतरलेला असतो की जेमतेम काम भागते.

त्यात भर म्हणून सिलिंडर स्वतःलाच थंड करतो. द्रवाची वाफ होण्यासाठी उष्णता लागते, ती आतला द्रव आणि भोवतालचे पोलाद यांतूनच ओढली जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच हे कारण. हीटरला थेट फिरकीने बसणारा एक पौंडाचा हिरवा सिलिंडर अर्ध्या तासात बाहेरून पांढरा होतो, हाताला चिकटू लागतो आणि मग ज्योत मंदावते, तरी हलवून पाहिले तर आत गॅस खळखळत असतो. लोक सिलिंडर खराब निघाला म्हणून दुकानदाराला बोल लावतात. वीस पौंडी, म्हणजे नऊ किलोच्या सिलिंडरला पृष्ठभाग जास्त असल्याने तो आजूबाजूची उष्णता अधिक सहज ओढून घेतो आणि दाब टिकवतो. एक पौंडात साधारण बावीस हजार बीटीयू असतात, म्हणजे मंद आचेवर साडेपाच तास आणि मोठ्या आचेवर अडीच तासांपेक्षा थोडे कमी. ज्याला वर्षातून दोनदाच जायचे आहे त्याला छोटे सिलिंडर सोयीचे, बाकीच्यांनी मोठा घ्यावा.

मोठा सिलिंडर तंबूबाहेर उभा ठेवावा आणि नळीने गॅस आत आणावा. आडवा ठेवला तर वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरकडे येतो. प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड असते, त्यामुळे गळती झालीच तर ती वर उडून जात नाही, बर्फालगत साचते. हवेत तिचे प्रमाण २ टक्क्यांच्या थोडे वर गेले की ठिणगी पुरते. घरी सिलिंडर बदलल्यावर साबणाचा फेस लावून पाहायची सवय असेल तर तीच येथे कामी येते, फक्त थंडीत फेस गोठण्याआधी, म्हणजे घरून निघतानाच, ती परीक्षा करावी. नळी निवडताना रेग्युलेटर सिलिंडरच्या बाजूला आहे अशी घ्यावी. उच्च दाबाखालच्या साध्या रबरी नळीतून तेलकट अंश सुटून गॅसबरोबर हीटरमध्ये उतरतो आणि बारीक छिद्रे चोंदतात. रेग्युलेटर सिलिंडरपाशीच असला की नळीत दाब कमी राहतो आणि हा त्रास टळतो. तशी नळी नसेल तर मध्ये गाळणी बसवावी लागते.

प्रकारांबद्दल थोडक्यात. सिलिंडरच्या डोक्यावर बसणारा, सूर्यफुलासारखा तापणारा उघडा हीटर बांधकामाच्या जागेसाठी आहे, तंबूत तो आणूच नये. पंख्याने भपकाऱ्यासारखी गरम हवा फेकणारा नळकांडी हीटर तर त्याहून नको. राहतात दोन: लालभडक तापणाऱ्या सिरॅमिक फरशीचा, आणि ज्योत न दिसता प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकावर गॅस जाळणारा. दुसरा शांत आणि काटकसरी असतो, पण त्याची आच मंद असते आणि प्राणवायू तोही खातोच, हे विसरले जाते. फरशीचा हीटर हवेपेक्षा समोरच्या वस्तूंना तापवतो, हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हासारखा. त्यामुळे हवा पाच अंशांवर असली तरी हात-तोंड शेकले जाते. माझी पसंती त्यालाच आहे.

डोंगराळ कोलोरॅडोत जाणाऱ्यांनी मात्र पुस्तिकेतली उंचीची मर्यादा वाचावी. तेथले इलेव्हन माइल रिझर्व्हॉयर साडेआठ हजार फुटांवर आहे, आणि अनेक हीटरांची ती प्राणवायूची योजना सात हजार फुटांच्या वर विरळ हवेलाच कमी प्राणवायू समजून हीटर बंद पाडते. मिनेसोटातली सरोवरे जेमतेम हजार-तेराशे फुटांवर असल्याने आम्हाला ती चिंता नाही.

घामट ओलावा ही सगळ्यांना छळणारी आणि कोणी आधी न सांगणारी गोष्ट. प्रोपेन जळताना पाणी तयार होते, आणि तेही थोडेथोडके नाही: एक पौंडी सिलिंडर संपेपर्यंत तंबूच्या हवेत सुमारे पाऊण लिटर पाण्याची वाफ मिसळलेली असते. ती छताला लागून गोठते, हीटर मोठा केला की वितळून मानेवर टपकते, आणि संध्याकाळी तंबूची घडी घालताना कापड पापडासारखे मोडू लागते. वरचा झरोका उघडा ठेवणाऱ्याचा हा त्रास अर्धा होतो. हीटर थेट बर्फावर न ठेवता फळीवर ठेवावा, कारण तापलेल्या पायांखाली बर्फ असमान वितळते, हीटर कलतो आणि कलंडण्याची कळ त्याला दर दहा मिनिटांनी विझवते. पुढे दोन फूट, वर अडीच फूट मोकळे सोडावे. आमच्यातल्या एकाच्या महागड्या जाकिटाच्या बाहीला पडलेले भोक हे अंतर न पाळल्याचे आहे.

वापरलेला हीटर स्वस्तात मिळतो आणि घ्यायलाही हरकत नाही, पण उन्हाळाभर गॅरेजमध्ये पडलेल्या हीटरच्या बर्नरनळीत कोळी जाळी करतात आणि तेवढ्याने ज्योत पिवळी होते. नोव्हेंबरात सरोवर गोठण्याच्या आधीच तो परसात उघड्यावर पेटवावा, फरशी सर्वत्र सारखी लाल होते का, पायलट ज्योत निळी आणि स्थिर आहे का, हे दहा मिनिटे उभे राहून पाहावे, आणि हीटर हलकेच तिरका करून तो खरोखर विझतो याची खात्री करून घ्यावी.